आधी जॅक पुसून बघ, बाय

बाय, काल रात्री तुझा निरोप आला तेव्हा मी भांडी घासत होते. 'ताई, लॅपटॉप मुका झाला. दुकानदार म्हणतो साउंड कार्ड गेलं, दुरुस्तीत पैसे घालू नको, नवाच घे. नाहीतर ते लिनक्स तरी काढून टाक.' हात पुसून तीनदा वाचला. फोनच करणार होते. पण फोनवर तू 'हो हो' म्हणतेस आणि मग आपल्या मनाचंच करतेस. म्हणून लिहूनच काढते. लॅपटॉप समोर ठेव आणि सावकाश वाच.

घाबरू नको गो. साउंड कार्ड असं सहजी जात नाही. लॅपटॉपमध्ये ते वेगळं कार्ड नसतंच, मदरबोर्डावर बसवलेली नखाएवढी चिप असते. ती जळायचीच झाली तर एकटी क्वचित जळते. आणि मे महिन्यात मी स्वतः त्यावर डेबियन घालून दिलं तेव्हा तू त्यावर अर्धी रात्र नाटकाची पदं ऐकत होतीस, विसरलीस? तेव्हा चिपही शाबूत होती आणि ड्रायव्हरही.

तुला कधी सांगितलं नव्हतं ते आज सांगते. पुण्याला आले त्या पहिल्या वर्षी माझाही लॅपटॉप असाच गप्प झाला होता. मी काय केलं? जिथे जी आज्ञा सापडली ती उचलली आणि टर्मिनलात चिकटवली. एक म्हणे पल्सऑडिओ मुळापासून उपट, दुसरा म्हणे पुन्हा घाल, तिसरा म्हणे कर्नलच बदल. एका आज्ञेसरशी आवाजाबरोबर निम्मा डेस्कटॉपही गेला. खोलीतल्या मुलींना मी व्हायरस आला म्हणून सांगितलं, खोटंच. दोन वर्षं मनात धरून बसले होते की हे आपल्याला जमणारं नाही, हे मुलग्यांचं काम. आणि मूळ दुखणं काय होतं? मिक्सरमधली एक पट्टी म्यूट होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तो सल्ला खोटा नव्हता, शिळा होता. लिनक्समधल्या आवाजाच्या घराची दोनतीनदा डागडुजी झाली आहे. १९९२च्या सुमारास फिनलंडच्या हानू सावोलाइनेननं पहिले ड्रायव्हर लिहिले. त्या पद्धतीला ओएसएस म्हणत. मग यारोस्लाव किसेला नावाच्या झेक माणसानं ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डासाठी स्वतः ड्रायव्हर लिहिला. त्यातून १९९८मध्ये आल्सा उभं राहिलं आणि २००३च्या अखेरीस कर्नल २.६ आलं ते आल्साला घेऊनच. एका माणसाचा एका कार्डासाठीचा ड्रायव्हर, आणि आज तुझ्या-माझ्या लॅपटॉपची चिप त्याच पायावर बोलते. वरचा मजला पल्सऑडिओचा. फेडोरानं तो २००७मध्ये घेतला, उबुंटूनं २००८मध्ये, आणि तेव्हा इतक्या लोकांचे आवाज अडखळले की 'पल्सऑडिओ उपटा' हा मंत्रच झाला. आता त्या मजल्यावर पाइपवायर राहतो. विम तायमान्सनं तो बांधला, २०२१मध्ये फेडोरानं आधी घेतला, तुझ्या डेबियन १२च्या जीनोम डेस्कटॉपमध्येही तोच आहे. तेव्हा कुठलाही सल्ला घेण्याआधी तो किती सालचा ते बघ. बाजारात बांगडा घेताना कल्ला उघडून बघतेस ना, तसंच.

आता कामाला लाग. काही बदलायचं नाही, आधी फक्त विचारायचं. आवाज कुठल्या मजल्यावर अडला?

टर्मिनल उघड आणि 'एप्ले' लिहून पुढे एक जागा सोडून उणेचिन्ह व धाकटा एल दे. कार्डांची यादी येईल. त्यात तुझी चिप दिसली तर कर्नलनं तिला ओळखलंय, आणि दुकानदाराचं बोलणं तिथेच संपलं. मग 'आल्सामिक्सर' उघड. सुरुवातीला तो पाइपवायरचीच एक पट्टी दाखवील. त्यावर समाधान मानू नको, एफ ६ दाबून खरं कार्ड निवड. उभ्या पट्ट्या दिसतील. ज्या पट्टीखाली दोन एम आहेत ती मुकी. तिच्यावर जाऊन एम दाब, दोन शून्यं येतील. मास्टर, स्पीकर, हेडफोन, तिन्ही बघ. माझी दोन वर्षं या एका अक्षरानं खाल्ली.

पण तुझ्या बाबतीत मला संशय वेगळाच आहे. निरोपात पुढे तू लिहिलंस, हेडफोन लावला की आवाज येतो, काढला की स्पीकर गप्प. बाय, आपलं घर मोरजीत आहे. खिडकीच्या गजांना वर्षातून दोनदा रंग द्यावा लागतो, आईच्या शिवणयंत्राला गंज, बाबांच्या स्कूटरला गंज, मग त्या जॅकच्या भोकातल्या पत्र्यानं काय पाप केलंय? त्या भोकात एक बारीकशी पट्टी असते, हेडफोन आत आला की ती हलते आणि चिपला कळतं. खारी हवा आणि श्रावणातली ओल तिच्यावर बसली की ती चिकटून राहते. चिपला वाटतं हेडफोन अजून आतच आहे, म्हणून ती इमानानं स्पीकर बंद ठेवते. आल्सामिक्सरमध्ये अगदी उजवीकडे 'ऑटो-म्यूट मोड' नावाची पट्टी असते, तिथे बाणानं 'डिसेबल्ड' कर. वर पाइपवायरलाही सांगावं लागेल, कारण तोही त्याच जॅकचं ऐकतो. 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' नावाची छोटी खिडकी बसवून घे, नाव जुनं असलं तरी ती पाइपवायरशी बोलते. तिच्यात आउटपुटच्या पानावर पोर्ट म्हणून 'स्पीकर्स' निवड. स्पीकर बोलले तर रोग सापडला. मग लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, कानकोरण्याच्या बारीक कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लाव आणि जॅक हलक्या हातानं पूस. खोबरेल नको, डब्ल्यूडी-४०ही नको. बाबा तेच घेऊन येतील, त्यांना थांबव.

मोरजीत गप्प राहायचंच असेल तर टेंबाकडच्या किनाऱ्यानं राहावं, कासवं अंडी घालायला येतात म्हणून. लॅपटॉपनं कशाला?

तुझा हेडफोन वाजतो म्हणजे हे व्हायचं नाही, पण एप्लेच्या यादीत कार्डच नसलं, किंवा सेटिंग्जमध्ये नुसतं 'डमी आउटपुट' दिसलं, तर दुखणं तळमजल्यावरचं. अलीकडच्या कितीतरी इंटेल लॅपटॉपांत चिपच्या आधी एक लहानसा प्रक्रियक बसलेला असतो, आणि त्याला चालू होताना स्वतःचं फर्मवेअर लागतं, साउंड ओपन फर्मवेअर, थोडक्यात सॉफ. डेबियनमध्ये ते 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड' या पॅकेजात मिळतं. जून २०२३च्या डेबियन १२पासून इन्स्टॉलर असली फर्मवेअरं स्वतःच घालतो. त्याआधी ती वेगळी शोधून आणावी लागत, आणि लिनक्सवर आवाज येत नाही या ख्यातीत त्याचीही भर पडली. ख्याती जायला फर्मवेअरपेक्षा जास्त वेळ लागतो.

माइकचं तू काही लिहिलं नाहीस, पण चवथीला घुमट आरती टिपायची म्हणतेस तर तेही सांगून ठेवते. हा माझा आवडता भाग.

आपल्या लॅपटॉपांतली चिप बहुधा एचडी ऑडिओ जातीची असते. ही पद्धत इंटेलनं २००४मध्ये ठरवली. चिपला बऱ्याच पिना असतात, आणि कुठली पिन कशाला जोडली आहे, स्पीकरला की माइकला की कशालाच नाही, हे कारखान्यात बायोसमध्ये लिहून ठेवायचं असतं. ड्रायव्हर बिचारा ते वाचतो आणि खरं मानतो. काही कंपन्या ते नीट लिहीतच नाहीत, कारण विंडोजसाठी त्या आपला वेगळा ड्रायव्हर देतात आणि त्यात चूक सावरून घेतात. माझ्या दुसऱ्या लॅपटॉपचा आतला माइक असाच होता. कागदोपत्री त्या पिनेला काही जोडलेलंच नव्हतं. कार्याच्या दिवशी जेवणावळीच्या यादीतून नाव गळावं तसं. माणूस दारात उभा, पण पान नाही.

तेव्हा 'एचडीएजॅकरीटास्क' नावाचं एक साधन सापडलं. कॅनॉनिकलमध्ये असताना डेव्हिड हेनिंगसननं लिहिलेलं. डेबियनमध्ये ते 'आल्सा-टूल्स-जीयूआय'मध्ये असतं. सगळ्या पिना रांगेत दाखवतं, आणि ही पिन माइकची असं तू स्वतः ठरवून बघू शकतेस. आधी तात्पुरतं लावून बघायचं, चाललं तर कायम करायचं. मी एकेक पिन करत बसले. चौथ्या पिनेला पट्टी हलली. रात्रीचा दीड वाजला होता, मी त्या माइकात 'आई गो' म्हणाले आणि ते ऐकू आलं.

पण मी तिथेच थांबले असते तर तो माइक फक्त माझ्या खोलीत बरा झाला असता. खरी दुरुस्ती ड्रायव्हरात व्हायची. एचडी ऑडिओच्या ड्रायव्हरात एक लांबलचक तक्ता आहे, अमुक कंपनीचं अमुक मॉडेल असेल तर बायोसवर विश्वास ठेवू नको, असं सांगणारा. एका मॉडेलला बहुधा एक ओळ. ती घालायची तर ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना तुझ्या यंत्राची कुंडली लागते. 'आल्सा-इन्फो' नावाची आज्ञा ती काढून देते: चिप कुठली, मॉडेलचे ओळखक्रमांक काय, कुठल्या पिनेवर काय लिहिलंय. 'नो-अपलोड' सांगितलं तर फाइल आपल्याकडेच राहते, ती उघडून वाच आणि मगच पाठव. मी पाठवली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार वाक्यं जोडून. काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, आणि कुठल्या पिनेनं काम झालं. कर्नलच्या ध्वनी विभागाची राखण सूझचा ताकाशी इवाई आणि तोच यारोस्लाव किसेला करतात. अशी ओळ एकदा आत गेली की पुढच्या कर्नलात येते, आणि बऱ्याचदा आधीच्या स्थिर कर्नलांनाही पोचते. पुढच्या वर्षी ऑफिसातल्या एका मुलीनं तेच मॉडेल जुनं घेतलं. डेबियन घातलं, माइक पहिल्याच झटक्यात चालला. मी तिला काही बोलले नाही. तुलाच पहिल्यांदा सांगते आहे.

तुला हे गाण्यापुरतं वाटत असेल, तर ऑर्का हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम आठव. ज्यांना दिसत नाही ती माणसं त्याच्या आवाजावर संगणक चालवतात, आणि त्यामागचं ईस्पीक मराठी बोलतं, कोकणीसुद्धा. त्यांच्या यंत्राचा आवाज गेला तर त्यांचा पडदाच गेला. तुला निदान चूक वाचता तरी येते.

आता घुमट. २०१९मध्ये सरकारनं त्याला गोव्याचं वारसा-वाद्य ठरवलं, आणि आपल्या वाड्यावर ते अजून गणपतीवरच्या माटोळीखाली बसून वाजतं. पण मातीच्या भांड्याची ती घुमी आणि वर कासाळ्याची किणकिण, दोन्ही एका माइकात नीट येणं कठीण. आल्सामिक्सरमध्ये एफ ४ दाबून 'माइक बूस्ट' बघ. तो वीस-तीस डेसिबलवर असला तर पहिल्याच थापेला आवाज फाटेल, आणि फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही. बूस्ट शून्यावर आण. मग 'कॅप्चर' इतकाच ठेव की ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामात सर्वांत जोराची थाप उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील. माइक भांड्याच्या तोंडासमोर नको, दोन हात दूर आणि जरा तिरका ठेव. रेकॉर्ड करताना चार्जर काढ. आपल्या घराच्या अर्थिंगचा भरवसा नाही, ती गुणगुण थेट आरतीत उतरते. मधेच 'टक्' असा आवाज येत असेल तर चिप झोपून उठते आहे. ड्रायव्हरच्या 'पॉवर-सेव्ह'ला शून्य दिलं की ती जागी राहते.

हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागाहून आल्यासारखा वाटला तर गोंधळू नको. पाइपवायर बहुतेकदा १०२४ नमुन्यांचा गठ्ठा करून पुढे देतो. सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे एका गठ्ठ्याला सुमारे २१ मिलिसेकंद, आणि वाट दुहेरी. गठ्ठा २५६ केलास तर पाच-साडेपाचवर येतं, पण जुन्या लॅपटॉपची दमछाक होऊन आवाज तुटू शकतो. 'पीडब्ल्यू-टॉप' चालू ठेव, चुकांचा आकडा वाढायला लागला की गठ्ठा पुन्हा मोठा कर. नुसतं टिपायचं असेल तर या भानगडीत पडूच नको. ऑडॅसिटी शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले धडे आहेत, ते बघ. मी शिकवायला लागले की आपलं भांडण होतं.

आणि हो, वाड्यावरचे मुलगे येतील, 'बाजूला सर, आम्ही बघतो' म्हणतील. मंडपातला साउंड त्यांचा, तो त्यांना करू दे. लॅपटॉपवर मात्र हात ठेवू देऊ नको. माहीत नाही म्हणून नव्हे, तर तेही माझ्यासारखेच कुठलीतरी आज्ञा चिकटवतील, आणि काय केलं ते कुणाला आठवणार नाही. तू मात्र एक वही कर. तारीख, काय बदललं, काय झालं. माझ्या पहिल्या वर्षी ती असती तर निम्मा डेस्कटॉप वाचला असता.

उद्या संध्याकाळपर्यंत मला तीन गोष्टी कळव: एप्लेची यादी, ऑटो-म्यूट बंद केल्यावर काय झालं, आणि जॅकमधून कापसावर काय निघालं. हिरवं निघालं तर फोटो पाठव. नवा लॅपटॉप घ्यायला बाबांनी पैसे बाजूला काढलेच असतील, तर त्यांना इतक्यात काही सांगू नको. त्यातून एक बरा यूएसबी माइक येतो, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. चवथीला मी येते तेव्हा बरोबर जाऊन घेऊ. नेवऱ्या तेवढ्या माझ्या वाटच्या ठेव.