वीस तोंडांचा फासा आणि एक गणित



दिवाळीत आपण किल्ला करतो आणि त्यावर मातीचे मावळे मांडतो. मांडून झाले की ते मावळे जागच्या जागी उभे राहतात. त्यांच्या चालीला मोजपट्टी लावली आणि झुंजीला फासा, तर जो खेळ तयार होईल तोच छोट्या प्रतिकृतींचा युद्धखेळ. गणित मंडळात आम्ही असाच एक, आमच्यासाठी नवा, विज्ञानकथेवर आधारलेला खेळ करून पाहिला. त्याचे नाव ‘स्टारग्रेव्ह’. जोसेफ मॅककुलो यांनी लिहिलेले त्याचे नियमपुस्तक इंग्लंडच्या ऑस्प्रे गेम्सने २०२१ साली प्रकाशित केले.

खेळाची ओळख

एका महायुद्धाने आकाशगंगा उद्ध्वस्त झाली आहे. त्या अवशेषांतून मौल्यवान वस्तू शोधत छोट्या टोळ्या फिरत आहेत, अशी कल्पना आहे. प्रत्येक खेळाडूकडे एक कप्तान, एक उपकप्तान आणि जास्तीत जास्त आठ साथीदार असतात. बहुतेक प्यादी एका चालीत ६ इंच सरकतात. शत्रूला मारणे हे मुख्य काम नाही. लूट उचलून टेबलाबाहेर सुखरूप नेणे हे खरे काम.

या खेळाला ठरावीक कंपनीचीच प्यादी लागतात असे नाही. त्यामुळे आम्ही किल्ल्यावरचे मावळे आणि बाटल्यांची झाकणे घेतली. खोक्यांच्या इमारती केल्या. वीस तोंडांचा फासा एकच मिळाला. दुसऱ्याऐवजी १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवल्या. उचललेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाकायची, हा नियम मात्र कटाक्षाने पाळला.

वाद कुठे झाला?

हातघाईच्या झुंजीत दोन्ही खेळाडू फासा टाकतात आणि त्यात आपापल्या प्याद्याचा लढाईचा अंक मिळवतात. ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो. त्या बेरजेतून हरणाऱ्याच्या चिलखताचा अंक वजा करायचा, उरेल तेवढी इजा. आपला साथीदार त्याच शत्रूशी भिडलेला असेल, तर मदतीचे २ अंक जास्त मिळतात.

आठवीतल्या एका मुलीने एकट्या शत्रूवर दोन प्यादी घातली. तिचे प्यादे आणि शत्रूचे प्यादे यांचे लढाईचे अंक सारखेच होते. “दोघांपुढे एकटा काय टिकणार?” असे म्हणत तिने फासा टाकला आणि ती हरली. पुन्हा टाकला, पुन्हा हरली. तिचे डोळे भरून आले. “सर, हा नियमच खोटा आहे,” ती म्हणाली. समोरचा मुलगा म्हणाला, “तुझं नशीबच खराब.”

मी खेळ थांबवला आणि खडू हातात घेतला.

फळ्यावरचे गणित

दोन फासे, प्रत्येकी २० तोंडे. म्हणजे नमुना अवकाशात २० × २० = ४०० निष्पत्ती. दोघेही बरोबरीचे असतील तर २० वेळा बरोबरी होते. उरलेल्या ३८० निम्म्या वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला १९० येतात, म्हणजे ४७.५ टक्के.

आता एकाला २ अंक जास्त द्या. मुलांनी चौकटी आखून मोजले: तो २२९ वेळा जिंकतो, १८ वेळा बरोबरी होते आणि १५३ वेळा तो हरतो. जिंकण्याची संभाव्यता ५७.२५ टक्के झाली, हरण्याची ३८.२५ टक्के उरली. सलग दोनदा हरण्याची संभाव्यता काढायला ०.३८२५ ला ०.३८२५ ने गुणले. उत्तर सुमारे ०.१४६ आले. म्हणजे साधारण सात वेळांत एकदा असे होणारच.

ती मुलगी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे सर, माझी चाल बरोबर होती. फक्त ती खात्रीची नव्हती.” आमच्या सगळ्या खेळाचे सार या एका वाक्यात आले. निर्णय चांगला असूनही निकाल वाईट लागू शकतो. चुकीचा निर्णय घेऊनही कुणी जिंकू शकतो. म्हणून एका निकालावरून नियमाला, नशिबाला किंवा स्वतःला दोष देऊ नये. परीक्षेच्या गुणपत्रिकेकडे पाहतानाही हे आठवावे, ही विनंती मुलांइतकीच पालकांनाही आहे.

शाळेत लढाईचा खेळ कशाला?

हा प्रश्न एका पालकांनी विचारला आणि तो रास्त आहे. असे खेळ घराघरांत नेणाऱ्यांपैकी एक होते ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) ही विज्ञानकादंबरी लिहिणारे एच. जी. वेल्स. खेळण्यातल्या शिपायांच्या खेळाचे नियम सांगणारे त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली निघाले. ही लढाई थोडी खेळून पाहिली की खरे युद्ध किती गोंधळाचे आणि चुकांचे असेल ते कळते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटले. खेळाने युद्धे थांबत नाहीत, हे उघड आहे. पण दोन बरोबर एक म्हणजे विजय नक्की, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर आमची मुले आता सहज विश्वास ठेवणार नाहीत. पडलेला मावळा डब्यातून पुन्हा काढता येतो, माणूस नाही, हेही त्यांना सांगितले आहे.

स्वाध्याय

१. प्यादे २८ मिलिमीटर उंच आहे. ते १६८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची प्रतिकृती मानल्यास प्रमाण काय? त्या प्रमाणात ६ इंचांची चाल खऱ्या जमिनीवर किती मीटर होईल?

२. मदतीचे २ ऐवजी ४ अंक मिळाले, तर ४०० पैकी किती वेळा विजय? (२६४ येतात का पाहा.)

३. उचललेली चिठ्ठी डब्यात परत टाकली नाही, तर पुढच्या खेळीत काय बदलेल? कारण लिहा.