नोकरीच्या अर्जासोबतचे पत्र

पेठहून चाकणच्या कारखान्यांकडे कामाला जाणारी मुले आमच्या दुकानावरूनच जातात. काहीजण अर्ज दाखवायला थांबतात. बायोडाटा झेरॉक्सवाल्याकडे टाईप केलेला असतो, त्यात सहसा चूक नसते. चूक असते ती सोबतच्या पत्रात.

उर्दू शाळेत आम्ही दरख्वास्त लिहायला शिकलो. आधी 'बखिदमत जनाब', मग गुजारिश, शेवटी 'आपका ताबेदार'. मराठी शाळेतला 'विनंती अर्ज' त्याच घराण्यातला. सुट्टी मागायला हा नमुना ठीक आहे. नोकरी देणाऱ्याला मात्र आपली अडचण नव्हे, त्याचे काम कोण करील हे जाणून घ्यायचे असते.

आमच्या हातून झालेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी दुकानात माणूस हवा होता. एका मुलाच्या पत्रात वडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न, घरची ओढाताण एवढेच होते. वाईट वाटले, पण पत्र बाजूला ठेवले. ज्याला घेतले तो महिन्यात निघून गेला. पुढे कळले की पहिला मुलगा दोन वर्षे आठवडे बाजारात मामाकडे कापड मोजत होता. ताग्यात किती मीटर उरले ते नुसते पाहून सांगत असे. नेमके तेच त्याने लिहिले नव्हते. आम्हीही विचारले नाही, हा दोष आमचाच.

गणितज्ञ रामानुजन यांनी फेब्रुवारी १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनीसाठी अर्ज केला. ते एफ.ए. नापास होते. पत्रात त्यांनी मॅट्रिक झाल्याचे लिहिले, परिस्थितीमुळे पुढचे शिक्षण थांबल्याचे एकाच वाक्यात सांगितले आणि लगेच गणिताचा आपला अभ्यास व हे काम नीट करण्याची खात्री मांडली. सोबत एका प्राध्यापकांचे शिफारसपत्र जोडले. १ मार्चपासून ते कामावर रुजू झाले. पगार महिना ३० रुपये.

पहिल्याच ओळीत कोणत्या जागेसाठी अर्ज आहे आणि जाहिरात कुठे, कधी पाहिली ते लिहावे. मग जाहिरात पुन्हा वाचावी. फिटर मागितला असेल तर 'मेहनती व प्रामाणिक आहे' एवढ्याने भागत नाही. असे तर सगळेच लिहितात. 'आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर कोर्स पूर्ण केला, व्हर्निअर व मायक्रोमीटरने माप घेतो, रात्रपाळी चालेल' असे लिहिले की वाचणारा थांबतो. मध्ये दोन वर्षे शेती केली असेल तर तेही एका वाक्यात सांगावे, लपवू नये. जे येत नाही ते मात्र लिहू नये, मुलाखतीत हातात माप दिले की उघडे पडते.

पत्र एका पानाच्या आत असावे, भाषा जाहिरातीचीच. ई-मेलने पाठवायचे असेल तर विषयाच्या जागी पदाचे नाव लिहावे आणि बायोडाटा जोडला आहे ना ते पाहावे. एकच पत्र दहा ठिकाणी पाठवताना आधीच्या कंपनीचे नाव तसेच राहून जाते. असे एक पत्र आमच्याकडेही आले होते, मायना एका मोटार कारखान्याच्या साहेबांचा!