एका मोठ्या संख्येचा परिचय : १,४२,८५७

मोठी संख्या फळ्यावर दिसताच पुष्कळ मुले बिचकतात. संख्येचे गुणधर्म स्वतः शोधण्याची सवय लागली, म्हणजे ही भीती ओसरते. या पाठासाठी १,४२,८५७ ही संख्या घ्यावी.

प्रथम कसोट्या लावून घ्याव्यात. एककस्थानी ७ आहे, म्हणून संख्या विषम. अंकांची बेरीज २७, म्हणून ९ ने निःशेष भाग जातो. एकाआड एक अंकांच्या बेरजा ८ व १९. त्यांतील अंतर ११, म्हणून ११ नेही भाग जातो. अर्थात ही संयुक्त संख्या होय. तिचे मूळ अवयव : ३×३×३×११×१३×३७.

अंकांच्या बेरजेने, म्हणजे २७ ने, तिला निःशेष भाग जातो. अशा संख्येस 'हर्षद संख्या' हे नाव देवळाली येथील शाळाशिक्षक व गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ व १२२४४९ हे भाग मिळविले असता मूळची संख्या परत येते. म्हणून ती 'कापरेकर संख्या'ही आहे.

शेवटी तिला २ ते ६ यांनी गुणावयास सांगावे. तेच अंक त्याच क्रमाने फिरून येतात. ७ ने गुणिले असता मात्र ९,९९,९९९ येतात. कारण शिक्षकांनी आधी सांगू नये. १ ला ७ ने दशांशात भागून प्रत्येक बाकी लिहून घ्यावी : ३, २, ६, ४, ५, १. बाकी १ येताच भागाकार पुन्हा आरंभापासून सुरू होतो. हे मुलाने स्वतः पाहिले, की पाठाचा हेतू सफल झाला.