पाय ब्रेकवर ठेव

चि. बंडूस,

फोनच करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प बसतोस, म्हणून लिहायला बसलो.

परवा दिघीचे तात्या येऊन गेले. मॅगझीन चौकात तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी बंद पडली होती म्हणाले. स्टेअरिंगवर कुणाची तरी लेक रडकुंडीला आलेली, मागून कंटेनरचा हॉर्न, आणि शेजारी तू मोबाइलवर. तात्या काडी लावणाऱ्यातले नाहीत, हे तुझ्या आईलाही ठाऊक आहे. गाडी बंद पडल्याचं मला काही नाही, शिकणाऱ्याची पडणारच. मला एवढंच सांग, त्या वेळी तुझा पाय ब्रेकवर होता का?

तुझ्या बाजूला क्लच-ब्रेक बसवलाय तो मालकाची हौस म्हणून नव्हे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी स्कूलच्या गाडीला ड्युअल कंट्रोल सक्तीचं केलंय. शिकाऊ लायसनवाल्याच्या शेजारचा माणूस गाडी ताब्यात घेऊ शकेल, थांबवू शकेल असा बसलेला हवा, असंही त्यात आहे. डोळे मोबाइलमध्ये असले तर ते पेडल काय कामाचं? आणि लाल ‘एल’ची पाटी बघून मागचा सांभाळून घेईल, या भरवशावर राहू नकोस. कंटेनरच्या केबिनमधून अगदी पुढ्यात थांबलेली छोटी गाडी दिसतच नाही. तुझा विश्वास बसत नसेल तर चाकणला एखाद्या ओळखीच्या ड्रायव्हरला विचारून उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये बस आणि कुणाला तरी गाडी आधी पुढे, मग डावीकडे लावायला सांग. शिकणाऱ्यांनाही एकदा तसं बसव. ‘कंटेनरच्या डाव्या अंगाला घुसू नका’ हे नुसतं सांगून डोक्यात शिरत नाही. तिथं बसून बघितलेला माणूस पुन्हा घुसत नाही.

गाडी चौकात बंद पडली की आधी तुझा पाय ब्रेकवर, मग चारही इंडिकेटर, मग बोलणं. आवाज खाली ठेवून एका वेळी एकच गोष्ट सांगायची: क्लच दाब, गिअर काढ, आता चालू कर. हॉर्न मागचा कितीही मारू दे, तो तू ऐक, शिकणारीला ऐकू देऊ नकोस. वळणाची सूचना वळणावर देऊ नये, चांगली शंभर फूट आधी द्यावी, म्हणजे आरसा बघायला तिला सवड मिळते. आणि स्टेअरिंग धरावं लागलं तर खालून धर, पोरीबाळींच्या हातावर हात ठेवू नकोस. हे तुला सांगायला नको, तरी लिहितो.

मी क्लीनर असताना मला ट्रकवर शिकवणारे उस्ताद चुकलं की ओरडायचे, कधी टपलीही मारायचे. त्यांच्या भीतीनं मी रस्ता सोडून त्यांच्या तोंडाकडे बघायला शिकलो. ती खोड पुढे एसटीत लागल्यावर भोसरीच्या प्रशिक्षण केंद्रातल्या एका मास्तरांनी मोडली. ते एकदाही ओरडले नाहीत. ‘समोर काय दिसतंय ते मोठ्यानं बोलत चल’ म्हणायचे. मी बोलत जायचो: डावीकडे सायकल, पुढे शाळेची पोरं, रिक्षा थांबतेय. काय दिसत नाहीये ते त्यांना तेवढ्यावरून कळायचं. तू हे करून बघच. आपल्या आळंदी रस्त्यावर तर याची फार गरज. वद्य एकादशीला वारकरी कडेनं टाळ वाजवत, भजनात चालतात, त्यांना हॉर्न ऐकू जात नाही. त्यांच्यामागे गाडी कशी हळू ठेवायची हे लायसनच्या परीक्षेत नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआरच्या ट्रॅकवर कुणी तपासत नाही. आठचा आकडा नीट काढला की पोरगी पास होते, आणि दुसऱ्या दिवशी याच रस्त्यावर एकटी येते. तिच्याशेजारी तेव्हा तू नसतोस, ब्रेकही नसतो.

म्हणून नियमातले ते 21 दिवस आणि गाडी चालवण्याचे 10 तास पुरे भरव. बाकीचे पंधरवड्यात उरकतात, वहीत तास लिहून मोकळे होतात, असं मला सांगू नकोस. पहिले दिवस मोकळ्या मैदानात काढ, कंपन्यांच्या शिफ्ट सुटतात तेव्हा मोशीकडे नेऊ नकोस. आणि गाडीत बसलास की मोबाइल बंद करून डिकीत टाक. मालकाचा फोन आला तरी. मालक रागावले तर माझं नाव सांग.

फार बोललो. तुझी नोकरी नवी आहे, सकाळी सहापासून रात्रीपर्यंत त्या डाव्या सीटवर बसून पाठ दुखते म्हणून आई सांगत होती. दिवसभर दुसऱ्याच्या हातात जीव देऊन बसणं सोपं नाही, हे मला कळतं. तुझ्याकडे धीर आहे, तो माझ्याकडे कधी नव्हता. तुझ्या मामीला गाडी शिकायची केवढी हौस होती. मी शिकवायला बसलो की माझ्या तोंडून उस्तादच बोलायचे, आणि चौथ्या दिवशी तिनं किल्ली टेबलावर ठेवली ती कायमची. ते मला अजून लागतं.

काल तुला पत्र लिहितोय म्हटल्यावर ती म्हणाली, आता शिकेन तर भाच्याकडूनच. तिच्या शिकाऊ लायसनचे कागद मी करून घेतो. महिनाभर ती तुमच्याकडे दिघीला येऊन राहील. तुला सवड कधी आहे ते कळव, आणि जेवण वेळेवर करत जा.

तुझा,
मामा