आपलं टोकियो, आणि घरातल्या इंटरनेटविषयी थोडं सविस्तर

एदो नावाच्या वस्तीत १४५७ मध्ये ओता दोकान यांनी किल्ला बांधला. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासु यांची राजवट इथून सुरू झाली आणि १८६८ मध्ये एदोचं टोकियो झालं. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले, दोन्ही वेळा शहर बेचिराख झालं आणि दोन्ही वेळा पुन्हा उभं राहिलं. असाकुसाचं सेन्सोजी मंदिर, हाराजुकूजवळचं मेइजी देवस्थान, उएनोची बाग हे सगळं पाहुण्यांनी जरूर बघावं. वाट दाखवायला आपल्या मराठी मंडळाचे कार्यकर्ते आहेतच.

आपली वस्ती मात्र पूर्वेला, आराकावा नदीपलीकडे, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईच्या आसपास. हे स्टेशन १९७९ मध्ये सुरू झालं. २००० सालच्या सुमारास भारतातून संगणक अभियंते मोठ्या संख्येनं आले, तेव्हा तोझाई लाइनवरून ओतेमाची आणि कायाबाचोच्या कचेऱ्यांत थेट जाता येतं म्हणून इथे राहू लागले. जवळच यूआर या निमसरकारी गृहसंस्थेची भाड्याची घरं होती. तिथे जामीन लागत नाही आणि घरमालकाला ‘रेइकिन’ नावाची परत न मिळणारी रक्कमही द्यावी लागत नाही. एकाच्या ओळखीनं दुसरा आला. २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, त्याचा अभिमान आजही प्रत्येक घरात आहे. गणपतीत इथे जोशिन्को, म्हणजे जपानी तांदळाच्या पिठाचे उकडीचे मोदक होतात आणि त्यांच्या पाऱ्या फाटत नाहीत, हेही पाहुण्यांना कळू द्या.

इथल्या संमेलनाच्या समितीनं शहर परिचय मागितला होता, तो झाला. आता जे सांगण्यासाठी मी लेखणी हातात घेतली ते सांगतो. संमेलनाला येणाऱ्यांत बदली होऊन इथेच राहणारी अनेक कुटुंबं असतील. जपानमध्ये फायबर गावोगाव पोचलं आहे, त्यामुळे इंटरनेट ही इथे चिंतेची गोष्ट नसेल असंच प्रत्येक जण धरून चालतो. मीही पुण्याहून तसाच आलो. पण देशात फायबर असणं आणि आपल्या खोलीच्या भिंतीत फायबर असणं यांत फार अंतर आहे. म्हणून कंपनी कुठली घ्यावी हा प्रश्न दुसरा. इमारतीत तार कुठली आहे हा पहिला. तो घराच्या करारावर सही करण्यापूर्वी विचारायचा, नंतर विचारून उपयोग नाही.

घरांच्या जाहिरातीत इंटरनेटविषयी तीन वेगवेगळे शब्द येतात. ‘मुर्यो’ म्हणजे भाड्यातच मिळणारं, वेगळं बिल नाही. ‘काम्बी’ म्हणजे घरात सोय तयार आहे, पैसे कोण भरणार ते विचारून घ्या. आणि ‘ताइओ’ म्हणजे फक्त इतकंच की लाइन इमारतीपर्यंत आली आहे. पुढचा करार, पुढचं काम, पुढचा खर्च तुमचा. मला घर दाखवणाऱ्या एजंटनं हसतमुखानं ‘इंटरनेट आहे’ सांगितलं होतं. राहायला गेल्यावर कळलं की कागदावर ‘ताइओ’ होतं. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत आठवडेच्या आठवडे फोनच्या डेटावर काढले, ऑफिसचं काम स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात बसून केलं.

‘ताइओ’ असलं तरी लाइन कशी आली आहे ते बघावं लागतं. जुन्या इमारतींत फायबर तळमजल्याच्या पेटीपर्यंत येतं आणि तिथून वर टेलिफोनच्या तांब्याच्या तारेनं चढतं. याला व्हीडीएसएल म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याचा वेग १०० एमबीपीएसच्या वर जात नाही, मग जाहिरातीत १ जीबीपीएस लिहिलेलं असो की १०. कंपनी बदलूनही तो वाढत नाही, कारण अडथळा भिंतीतला आहे. घर बघायला जाल तेव्हा भिंतीवरचे सॉकेट वाकून नीट बघा. फायबरच्या सॉकेटवर ‘हिकारी’चं (光) कांजी अक्षर छापलेलं असतं. ते असेल तर निम्मं काम झालं. नुसता टेलिफोनचा जॅक असेल तर एजंटला स्पष्ट विचारा: खोलीपर्यंत फायबर आहे का? ‘बघून सांगतो’ म्हणाला तर तो सांगेपर्यंत सही करू नका.

खोलीत फायबर नसेल आणि तुम्हाला हवंच असेल, तर ‘कोजी’ करावी लागते, म्हणजे तार ओढायचं काम. त्याला घरमालकाची, आणि बहुधा इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचीही परवानगी लागते. तार बहुतेक वेळा टेलिफोनच्या पाइपातून किंवा एसीच्या भोकातून आत येते. तसं जमलं नाही तर भिंतीला छोटं भोक पाडावं लागतं, आणि भोक म्हटलं की मालक बिचकतो. परवानगी तोंडी घेऊ नका. लेखी घ्या आणि त्यात दोन गोष्टी लिहून घ्या: भोक पाडायला हरकत नाही, आणि घर सोडताना तार काढायची की ठेवायची. दुसरी गोष्ट लिहून न घेतलेल्या आपल्या मंडळींकडून घर सोडताना ‘पूर्ववत करण्याचा खर्च’ म्हणून अनामत रक्कम कापली गेलेली मी पाहिली आहे.

आणखी एक. जपानचं शैक्षणिक आणि आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये निम्मा देश घर बदलतो आणि कोजीची तारीख महिना-महिना मिळत नाही. आपल्या बदल्याही नेमक्या त्याच वेळी होतात. घराची किल्ली मिळायची वाट बघू नका. पत्ता पक्का झाला की त्याच दिवशी अर्ज करा.

आता कंपन्या. आपल्या भागात बहुतेकांची तार एनटीटी ईस्टचीच असते. २०१५ पासून एनटीटी ती घाऊक विकू लागली, म्हणून दोकोमो हिकारी, सॉफ्टबँक हिकारी अशी वेगवेगळी नावं दिसतात. खाली फायबर तेच. मोबाइल ज्यांचा असेल त्यांची लाइन घेतली तर फोनच्या बिलात सूट मिळते, घरात तीन-चार फोन असतील तर हा हिशेब मोठा होतो. सोनीच्या न्यूरोसारख्या काहींची यंत्रणा वेगळी आहे, वेग उत्तम. मात्र तिथे घराच्या आतलं आणि बाहेरचं काम दोन वेगळ्या दिवशी होऊ शकतं.

कंपनी कुठलीही घ्या, एक प्रश्न जरूर विचारा: जोडणी आयपीओई पद्धतीची आहे का, आणि राउटर ती पेलतो का? जुन्या पीपीपीओई पद्धतीत रात्री आठ ते अकरा या वेळात जोडणीच्या नाक्यावरच गर्दी होते. आणि आपल्यासाठी हीच वेळ मोलाची. इथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा घरी संध्याकाळचे साडेसहा असतात. आई देवापाशी दिवा लावून फोनसमोर येते, नातवंडाला ‘शुभं करोति’ म्हणायला सांगते, आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठतं. ‘ऐकू येतंय का गं’ यातच अर्धा वेळ जातो. मला हे फार लागलं होतं, म्हणून इतक्या कळकळीनं लिहितो आहे.

कागदपत्रांत नाव अगदी सारखं ठेवा. रेसिडेन्स कार्डावर रोमन लिपीत, बँकेत काताकानात, क्रेडिट कार्डावर वडिलांच्या नावाशिवाय, असा घोळ असेल तर अर्ज परत येतो आणि कारण कुणी सांगत नाही. ‘कोजी जवळपास फुकट’ याचा अर्थ खर्च हप्त्यांत विभागलेला असतो आणि दरमहा तेवढीच सूट मिळते. मध्येच सोडलं तर उरलेले हप्ते एकदम भरावे लागतात. १ जुलै २०२२ नंतरच्या करारांत मुदतीआधी सोडण्याचा दंड एका महिन्याच्या शुल्काहून जास्त घेता येत नाही, पण कोजीची बाकी त्यात धरलेली नसते. कॅशबॅकचं तर विचारूच नका. कित्येक महिन्यांनी, तुम्ही कधी उघडत नाही अशा ईमेलवर दुवा येतो आणि मुदत संपली की पैसे गेले. फोनच्या कॅलेंडरात तारीख आजच टाका.

दारावर किंवा फोनवर ‘तुमच्या इमारतीची लाइन बदलतेय, फक्त नाव-पत्ता सांगा’ म्हणणारे येतात. बोलणं अतिशय आदबशीर असतं, म्हणून आपली माणसं भिडेखातर हो म्हणतात. म्हणू नका. चुकून करार झालाच तर त्याचा कागद हाती आल्यापासून ८ दिवसांत तो लेखी रद्द करता येतो; झालेल्या कामाचा खर्च मात्र द्यावा लागू शकतो. अडचण आली तर १८८ हा ग्राहक मदतीचा क्रमांक आहे.

वर्षभरासाठीच आला असाल तर कोजीच्या फंदात पडू नका. सिमवर चालणारा होम राउटर घ्या, भिंतीला लावला की सुरू. पण तो हप्त्यांवर असेल तर परत जाताना बाकी किती राहील ते आधी विचारा. आणि भारतात परतताना आधी लाइन बंद करा, यंत्र परत पाठवा, शेवटचं बिल भरा, मग बँक खातं बंद करा. उलट क्रमानं केलेल्यांचे निरोप आजही मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर येतात.

जपानी वाचता येणारे अनेक सभासद आपल्याकडे आहेत आणि कुणालाही मदत करताना ते कंटाळलेले मी पाहिले नाहीत. घराचा किंवा इंटरनेटचा करार समोर आला की सही करण्याआधी त्याचा फोटो गटावर टाका, किंवा संमेलनात मंडळाच्या टेबलाशी कागद घेऊन या.