गरोदरपणात व्हीडीआरएल पॉझिटिव्ह

प्रश्न : मला चौथा महिना चालू आहे. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली. मला किंवा नवऱ्याला काहीच त्रास नाही. रिपोर्ट चुकला असेल का?

उत्तर : चुकू शकतो. गरोदरपणात उपदंशाची, म्हणजे गरमीची, ही चाचणी कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणून टीपीएचए ही खात्रीची चाचणी करून घ्या. पण ‘त्रास नाही’ यावर विसंबू नका. उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाही, औषधाविना काही आठवड्यांत भरतो. योनीच्या आत असेल तर दिसतही नाही. जंतू मात्र शरीरात राहतो आणि वारेतून बाळापर्यंत पोचतो. गर्भपात किंवा बाळ पोटातच दगावणं, हे त्यातून होऊ शकतं.

निदान पक्कं झालं तर बेंझाथिन पेनिसिलिन, कमरेत 24 लाख युनिट. लागण जुनी असेल किंवा कधीची ते कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने असे तीन डोस. इंजेक्शनच्या दिवशी ताप आला, पोट आवळू लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर लगेच दवाखाना गाठा. ॲलर्जी असल्यास आधी सांगा.

नवऱ्याचीही तपासणी आणि उपचार हवेतच, नाहीतर पुन्हा लागण होईल. दोघांचा उपचार पुरा होईपर्यंत संबंध टाळा. कोणाकडून कोणाला, हा वाद नंतर घाला, आधी इंजेक्शन. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हे मोफत होतं.