दोराने चढणारी गाडी

नाशिक जिल्ह्यात, कळवण तालुक्यात सप्तशृंगीचा गड आहे. साडेतीन पीठांपैकी हे अर्धे पीठ. जालन्याहून रेल्वेने मनमाडवरून नाशिकला जावे, पुढे एस. टी. नांदुरीचा घाट चढून गाडी गडावरच्या गावात येते. पण देवी अजून वर, कड्याच्या कपारीत. तिथवर सुमारे ५०० पायऱ्या. तरण्या माणसाला त्याचं काय! पण गुडघे धरलेली म्हातारी खालूनच हात जोडी, आणि घरची माणसं परत येईतो गाठोडी राखीत बसे.

२०१८ साली तिथे ट्रॉली सुरू झाली. उतारावर रूळ टाकले आहेत. रुळावर डबा आहे, पण डब्याला इंजिन नाही. एका जागी बसवलेले यंत्र पोलादी दोराने त्याला ओढते. काही मिनिटांत माणूस वर!

ही युक्ती आपल्याला परकी नाही. आडावरचा रहाट आठवा. दोराच्या दोन्ही टोकांना पोहरे बांधले, तर एक वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. खाली जाणाऱ्याचं वजन वर येणाऱ्याला हात देतं. या गाड्यांतही तसेच. एक डबा चढतो, दुसरा उतरतो. यंत्राला दोन्ही वजनांतला फरक तेवढा ओढावा लागतो, म्हणून एवढा उभा चढ जमतो.

आणि दोर तुटला तर? अशा गाड्यांना त्यासाठी निराळा ब्रेक असतो. तो रूळ घट्ट धरतो, डबा जागीच थांबतो.

फ्रान्स देशात ल्यों नावाचे रेशमाच्या धंद्याचे शहर आहे. विणकर टेकडीवर राहत, बाजार खाली. तिथे १८६२ साली वाफेच्या यंत्रावर अशी गाडी चालू झाली. लोक तिला ‘सुतळी’ म्हणत! १९६७ साली ती बंद झाली. आपल्या देशात सप्तशृंगीचीच पहिली, असे कोणी सांगतात. ते खरे नव्हे. तामिळनाडूत पळणीच्या डोंगरावर १९६६ पासून अशी गाडी आहे.

पायी चढल्याशिवाय पुण्य नाही, असं म्हणणारेही भेटतात. बहुधा त्यांचे गुडघे धड असतात. पायऱ्या आहेतच, हवे त्याने चढावे. म्हातारीला मात्र ट्रॉलीत बसवा, आणि तिकिटावरचा आकडा स्वतः वाचून मगच पैसे मोजा.